खोली तोकडी आहे

माझी गादी सहा महिने उभी होती. गादी आडवी घालून तिच्यावर झोपतात, हे आमच्या घरात फक्त मला आणि आईला माहीत होतं. बाबांच्या मते गादी ही खोलीच्या कोपऱ्यात उभी करायची वस्तू होती, कारण कोपऱ्यात म्हणे आवाज साठून कुजतो आणि गादी तो शोषून घेते. कुजलेला आवाज पिऊन पिऊन तिला कुबट वास यायला लागला होता. मी चटईवर झोपायचे.

ही बाबांची ऐकायची खोली. पूर्वी आम्ही तिथे जेवायचो, आता ओट्याशी उभं राहून जेवतो. खोलीत माझ्या उंचीचे दोन स्पीकर, मध्ये अॅम्प्लिफायर, आणि समोर एकच खुर्ची. तिचे चार पाय कुठे टेकायचे त्याच्या खुणा जमिनीवर चिकटपट्टीने केलेल्या. वायरी जमिनीला टेकू नयेत म्हणून त्यांच्याखाली छोटी लाकडी स्टुलं होती. वायरींना बसायला स्टूल, आम्हाला नाही! रेकॉर्ड पुसायला बाबांकडे मखमली ब्रश होता. लहानपणी माझं नाक त्यांनी एवढ्या मायेने पुसलेलं मला तरी आठवत नाही.

दर रविवारी सकाळी दोन पाहुणे यायचे. एक दंतवैद्यकाका. ते बिचारे बरे, फक्त बूट काढल्यावर त्यांच्या मोज्यांचा जो दरवळ सुटायचा तो कुठलीही गादी शोषू शकली नसती. दुसरे कानसेन. हे नाव मी ठेवलंय. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून ते लोकांच्या घरी जाऊन त्यांचे आवाज कसे वाईट आहेत ते सांगतात. खुर्चीवर पहिला मान त्यांचा. त्यांच्या टकलाच्या तेलाने खुर्चीच्या पाठीवर एक गोल डाग पडलाय, अगदी पोळपाटाएवढा. डोळे मिटून, तोंड अर्धवट उघडं ठेवून ते ऐकायचे, आणि जिभेने टाळूवर च्यक च्यक करायचे.

"अहाहा," ते एकदा म्हणाले, "गाणाऱ्या बाईंच्या ओठांची ओल ऐकू येतेय रे, ओल!"

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. मग ही ओल त्यांना दर रविवारी ऐकू यायला लागली.

पण सात महिन्यांपासून बाबा खूश नव्हते. दंतवैद्यकाकांनी त्यांना नव्या वायरी आणून दिल्या होत्या. मनगटाएवढ्या जाड, वर काळी विणलेली खोळ, आणि खोळीवर बारीक बाण. वीज बाणाच्या दिशेने गेली पाहिजे असं कानसेनांचं म्हणणं. बाण स्पीकरकडे असावा की अॅम्प्लिफायरकडे, यावर तीन मोठी माणसं दोन रविवार भांडली. मग डाव्या स्पीकरचा बाण उलटा आहे असं ठरलं आणि बाबांनी पालथं पडून, कपाळाला बॅटरी बांधून, ती वायर सोडवून फिरवून लावली. तेव्हापासून वरचा आवाज सगळीकडून यायचा, पण खर्ज येईना. ढोल वाजला की कोणी पुठ्ठ्यावर टिचकी मारल्यासारखं वाटायचं. बाबांनी खुर्ची मागे-पुढे केली, स्पीकर वळवले, पडदे बदलले, शेवटी माझी गादी नेली.

कानसेनांनी निदान केलं, "स्पीकर उत्तम, वायर उत्तम. खोली तोकडी आहे. चार-पाच हात कमी पडतात."

ते चार-पाच हात भिंतीच्या पलीकडे होते. पलीकडे माझी खोली होती.

शनिवारी सकाळी बाबा म्हणाले, "परवा गवंडी येतोय."

"कशाला?" आईने चहा गाळता गाळता विचारलं.

"मधली भिंत काढायला."

"आणि माझी खोली?" मी ओरडले.

"तुझी खोली कुठे जातेय? तिथेच राहील. फक्त भिंत नसेल."

"मग अभ्यास कुठे करू?"

"तिथेच कर. पुस्तकं तर असायलाच हवीत. पुस्तकांनी आवाज छान पसरतो."

मला शिसारी आली. मला ती खोली मागच्या वर्षी मिळाली, तोवर मी वर्गात तोंड उघडत नव्हते. बाईंनी उभं केलं की मी नखाने बाकाचा कोपरा खरवडायचे. त्या खोलीत मी कडी लावून आरशाशी बोलायला शिकले. रोज अर्धा तास, मोठ्याने, हातवारे करून. आता वर्गात माझा हात सगळ्यात आधी वर जातो आणि मागच्या बाकावरच्या पोरी म्हणतात, हिला कोणीतरी गप्प करा! मला तर ते ऐकून गुदगुल्या होतात. आणि ही खोली आता ढोलाला जागा हवी म्हणून द्यायची?

"नाचता येईना अंगण वाकडं," आई म्हणाली.

"तुला त्यातलं काही कळत नाही," बाबा म्हणाले आणि केस कापायला निघून गेले.

"तू त्यांना नीट सांगत का नाहीस?" मी आईवर चिडले.

"हळू सांगितलं तर यांना ऐकू येत नाही, मोठ्याने सांगितलं तर आवाज फाटतो म्हणतात." तिने पर्स उचलली. तिला चष्म्याच्या दुकानात जायचं होतं. "तुला जमत असेल तर तू सांग. तुझा हल्ली चांगला वाजतो."

मी तडक ऐकायच्या खोलीत शिरले. तिथे एकटीने जायची मला बंदी आहे, म्हणून आधी अॅम्प्लिफायर चालू केला आणि बाबांची लाडकी, ढोलाच्या साथीने एका बाईंनी गायलेली रेकॉर्ड लावली. आवाज बऱ्यापैकी वाढवला. मग माझी गादी ओढायला घेतली. निदान ती तरी परत न्यावी! गादी जड, मी रागात, ती डाव्या स्पीकरवर कलंडली आणि मागच्या वायरीचं एक टोक निसटलं. डावा स्पीकर मुका झाला.

आणि ढोल वाजला.

पोटात वाजला. खिडकीची काच थरथरली. एक स्पीकर बंद पडल्यावर आवाज निम्मा व्हायला हवा, इथे खर्ज दुप्पट झाला होता! मी गादी हातात धरून तशीच उभी राहिले. गेल्याच महिन्यात विज्ञानाच्या सरांनी दोरी हलवून दाखवली होती. एका बाजूने लाट वर, दुसऱ्या बाजूने खाली, दोन्ही मध्ये भेटल्या की दोरी सपाट. म्हणजे हे दोन महागडे खांब सात महिने एकमेकांचं तोंड दाबत होते. एक हवा ढकलतोय तर दुसरा ओढतोय.

मी सगळं बंद केलं आणि मोबाइलच्या उजेडात पाहिलं. प्रत्येक वायर टोकाशी दोन तारांत फुटत होती आणि त्यातल्या एका तारेला पांढरं कडं होतं. उजव्या स्पीकरच्या मागे तारा खोचायच्या दोन खुंट्या, एक लाल, एक काळी; पांढरं कडं लाल खुंटीत होतं. अॅम्प्लिफायरला दोन्हीकडे लालमध्येच. डाव्या स्पीकरला मात्र ते काळ्या खुंटीत होतं. बाण सरळ करता करता बाबांनी टोकं उलटी लावली होती. मी ती बरोबर लावली. माझं काम एका मिनिटाचं.

बाबा परत आले तेव्हा रेकॉर्ड पुन्हा चालू होती. ते दारातच थांबले. मानेवर कापलेले केस चिकटलेले, हातात किल्ल्या. मला ओरडायचंही विसरले. खुर्चीत बसले आणि रेकॉर्डची पूर्ण बाजू ऐकली. गाणारी बाई आता सगळीकडून येत नव्हती, दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये उभी होती.

"काय केलंस?" त्यांनी हळूच विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी वाकून पाहिलं. त्यांचे कान लाल झाले. मला वाटलं आता हसतील, पाठीवर थाप मारतील, गवंड्याला नको म्हणून सांगतील.

"उद्या त्या दोघांसमोर बोलू नकोस," ते म्हणाले. "त्यांना आधी ऐकू दे."

रविवारी दोघे आले. कानसेन खुर्चीत बसले, टक्कल डागावर बरोबर टेकलं. ढोल वाजला. दंतवैद्यकाकांच्या भुवया वर गेल्या आणि मोज्यातले अंगठे ठेका धरायला लागले. कानसेनांनी मात्र नाक मुरडलं.

"काय बिघडवून ठेवलंस रे?"

"कुठे काय," बाबा म्हणाले.

"ती हवा गेली! आधी कसं चहूकडून यायचं. आता सगळं मध्ये गोळा झालंय. हा खर्ज तर नुसता गावठी." च्यक च्यक. "भिंत पाड म्हटलं ना तुला? खोली तोकडीच आहे."

बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं माहीत होतं. काल याच खुर्चीत त्यांचे डोळे भरून आले होते, मी स्वतः पाहिलं होतं.

"हो ना," ते म्हणाले, "मलाही तसंच वाटत होतं. उद्या गवंडी येतोच आहे."

मला मोज्यांच्या वासाने, च्यकच्यकीने, तेलाच्या डागाने कधी आली नव्हती एवढी किळस तेव्हा आली. माझा बाप एका टकल्या माणसाला बरं वाटावं म्हणून स्वतःचे कान खोटे पाडत होता!

"बाबा, वायर उलटी होती," मी म्हणाले. आरशासमोर बोलायचे तशी, प्रत्येक अक्षर नीट. "सात महिने उलटी होती. काल मी सरळ केली."

"लहान तोंडी मोठा घास घेऊ नये, बाळ," कानसेन डोळे न उघडता म्हणाले. "गाढवाला गुळाची चव काय?"

"गूळ काल खाल्लाय मी. तुम्ही सात महिने ओल ओल म्हणत होतात ना, ती उलटी वायर होती."

"अगं!" बाबा ओरडले.

"एक मिनिट, एक मिनिट," दंतवैद्यकाका खिसे चाचपायला लागले. "मी फोटो काढला होता. डावी वायर फिरवून लावली त्या दिवशी." त्यांनी मोबाइलवर फोटो शोधला, बोटांनी मोठा केला आणि दुसऱ्यांच्या दाढा बघतात तसे डोळे बारीक करून पाहिलं. मग गुडघ्यांवर बसून प्रत्यक्ष वायर पाहिली. मग पुन्हा फोटो. आणि जमिनीवर बसूनच खो खो हसायला लागले.

"आहे रे! काळ्यात आहे! आपण तिघं बाण बघत बसलो!"

"यंत्रावरून काही ठरत नसतं," कानसेन म्हणाले. "कानाला काय रुचतं ते महत्त्वाचं."

"मग उलटंच लावून देते तुम्हाला," मी म्हणाले. "पण माझी भिंत कशाला पाडायची? खोलीत दोष नाहीये. कोणात आहे ते मी सांगत नाही."

"भिंतीला हात लावू नकोस रे," दंतवैद्यकाका डोळे पुसत म्हणाले. "पोरीचं बरोबर आहे."

कानसेन उठले, चहा न पिताच निघाले. बाबा त्यांच्यामागे दारापर्यंत गेले आणि रिकामे परत आले. मग त्यांनी फोन काढला आणि गवंड्याला लावला. हात सिमेंटने भरलेले म्हणून गवंडीकाका फोन नेहमी स्पीकरवरच घेतात, आणि त्यांच्याशी बोलताना सवयीने बाबांनीही आपला स्पीकरवर टाकला.

"हॅलो. ऐका, उद्याचं काम रद्द करायचंय. नाही नाही, पैशाचं काही नाही. मुलीला धूळ सोसत नाही हो. तिला खोकला होतो."

मला आयुष्यात धुळीने खोकला झालेला नाही. मी बाबांच्या हातातून फोन काढून घेतला.

"काका, मला काही खोकला-बिकला नाही. बाबांनी स्पीकरची वायर उलटी लावली होती, म्हणून आवाज येत नव्हता. त्यासाठी भिंत पाडणार होते."

पलीकडे कुठेतरी घमेलं आपटल्याचा आवाज आला.

"मग आता सरळ लावली का?" गवंडीकाकांनी विचारलं.

"हो."

"मग झालं तर," ते म्हणाले. "तेवढ्यासाठी भिंत पाडतात होय?"

बाबा माझ्याशी बुधवारपर्यंत बोलले नाहीत. मी माझ्या खोलीत कडी लावून रोज अर्धा तास बोलत राहिले, मोठ्याने. भिंत पातळ आहे. त्यांना सगळं ऐकू जात असणार.