डुकाटीची शंभर वर्षं, दहा मिनिटांत

दोह्यातल्या मराठी माणसाच्या इतिहासात तो गुढीपाडवा सुवर्णाक्षरांनी लिहिला जाईल, असं हेमचंद्रचं ठाम मत होतं. पाडवा तसा रविवारीच होऊन गेला होता. पण कतारमध्ये पंचांगापेक्षा सुट्टीला मान जास्त, त्यामुळे मंडळाचं नववर्ष शुक्रवारी, दोह्याबाहेर समैस्मा गावातल्या भाड्याच्या व्हिलात लागलं. अंगणात गुढी, शेजारी हेमचंद्रने नुकतीच घेतलेली आणि पिकअपमधून आणवलेली लालभडक डुकाटी मोटारसायकल, आणि पत्रिकेत ‘व्याख्यान : शंभरीला टेकलेला एक इटालियन कारखाना’. त्याखाली ठळक अक्षरांत ‘नंतर मिसळ’.

हेमचंद्र दोह्यात वेस्ट बेमधल्या एका कंपनीत इंजिनिअर. व्याख्यान त्याने मंडळासाठी नव्हे, मुलीसाठी मागून घेतलं होतं. चौदा वर्षांची गार्गी त्याच्या मराठीला इंग्रजीत उत्तर द्यायची आणि हल्ली तेही देईनाशी झाली होती. आपला बाप एका विषयात तरी वाघ आहे, हे तिने चारचौघांत पाहावं, एवढंच त्याला हवं होतं. गार्गी शेवटच्या खुर्चीत कानांत इअरफोन घालून बसली होती.

“दहा मिनिटं हं,” अध्यक्ष शशिकांतराव म्हणाले. “रस्सा गार होतो.”

“शंभर वर्षं दहा मिनिटांत?”

“शिवजयंतीला साडेतीनशे वर्षं सातात उरकली आपण.”

हेमचंद्रने सुरुवात केली. सन एकोणीसशे सव्वीस, बोलोन्या शहर, एक बाप आणि त्याचे तीन मुलगे. काय बनवायचे? रेडिओचे सुटे भाग.

“म्हणजे कंपनी रेडिओची?” शशिकांतराव फसवणूक झाल्यासारखे म्हणाले.

“घेताना विचारलं नाहीत का हो, भावजी?” अध्यक्षांच्या पत्नी शैलजाबाईंनी पळी हातात धरूनच हेमचंद्रला टोला दिला.

हशा ओसरेपर्यंत थांबून हेमचंद्र चव्वेचाळीस सालात शिरला. महायुद्ध. कारखान्यावर बॉम्ब पडले. आणि इथेच तो अडला. घरी हे ठरलेलं होतं. सख्ख्या काकांच्या तेराव्याला ज्याच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं, तो जेवताना बोलोन्याच्या बॉम्बहल्ल्यापाशी दर वेळी अडायचा आणि बायको पूर्णिमा त्याच्यापुढे पाण्याचा पेला सरकवायची. आज पेला नव्हता. हेमचंद्र सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसू लागला.

“खलास?” शशिकांतरावांनी आशेने विचारलं.

“खलास कसं, काका?” शेवटच्या खुर्चीतून आवाज आला. गार्गी उठली होती. “कारखाना गेला, पण माणसं होती ना. लोकांकडे सायकली होत्या. मग यांनी सायकलला बसवायचं एवढुसं इंजिन बनवलं. कुच्चोलो. म्हणजे कुत्र्याचं पिल्लू. कारण ते तसंच भुंकायचं.”

पुढे ती थांबलीच नाही. शर्यतींचं सांगून झालं, इंजिनाच्या झडपेचंही सांगून झालं. “स्प्रिंगच्या भरवशावर बसायचं नाही. झडप उघडायचीपण आपण आणि मिटायचीपण आपणच.” वाक्यं सगळी बापाची होती. बाप जिथे खोकतो, तिथे तीही खोकली.

“मराठीत बोलली गं,” हेमचंद्र पूर्णिमाच्या कानात म्हणाला.

“ऐकलं मी. रडू नका, फोटो काढतायत.”

टाळ्या मिसळीच्या रांगेतूनही आल्या. शशिकांतरावांनी स्वतः सांगितलं, की असं व्याख्यान मंडळात झालं नाही. ते कोणाचं झालं, हे त्यांनी मोघम ठेवलं. हेमचंद्रची छाती सदऱ्यात मावेना. त्याने गार्गीला पुढे बोलावलं आणि स्टार्टरचं बटण तिलाच दाबायला लावलं. गाडी अशी गरजली की गुढीवरचा तांब्या थरथरला. गार्गी हसत होती, आणि चक्क बापाकडे बघून.

“यल्ला, चला हेमचंद्र, एक चक्कर होऊन जाऊ द्या!” लोक ओरडले.

“हो बाबा, मी मागे बसते!”

हेमचंद्रने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. त्याला मोटारसायकल चालवता येत नव्हती.