उजवीकडे ओढणारी गाडी

भरदुपारी धाकटीच्या नवऱ्याने गाडी गॅरेजात घातली, ती शटरच्या खांबाला घासतच. तीस वर्षांपूर्वीची दोन सीटची हिरवी स्पोर्ट्स कार. बायकोपेक्षा तिच्यावर जीव जास्त, असं तो चारचौघांत हसत सांगायचा.

"ताई, ब्रेक मारला की उजवीकडे ओढते. वळणावर तर स्टिअरिंग हातातून हिसकावूनच घेते. परवापासून चाललंय."

वडिलांच्या मागे गॅरेज दोघी बहिणींतली थोरलीच चालवत होती. गिऱ्हाइकं तिला मिस्त्रीणबाई म्हणत. गाडीचा आवाज कानांनी ऐकल्याशिवाय ती पान्याला हात लावत नसे.

"चला, एक चक्कर मारू. तुम्हीच चालवा," ती म्हणाली.

कुणाचा तरी सूड उगवावा तशी तो गाडी हाणत होता. चढावरच्या वळणाला त्याने मुद्दाम जोर दिला. पुढचं उजवं चाक फडफडलं, स्टिअरिंग गर्रकन फिरलं आणि गाडीची कूस दगडी कठड्याला खरवडत गेली. पत्रा किंचाळला. थोरलीचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं, भुवई फाटली, रक्त डोळ्यात उतरलं.

त्याने गाडीला एक घाणेरडी शिवी हासडली आणि स्टिअरिंगवर मूठ मारली. "लाडावली की अशीच अंगावर येते. घरीही तोच ताप. काल जरा दटावलं, तर आज बाईसाहेब उठायलाच तयार नाहीत."

"दटावलं म्हणजे?"

"म्हणजे दटावलं."

त्याच्या उजव्या हाताची बोटं आधीपासूनच सुजलेली होती. थोरलीने ती पाहिली. परतीच्या वाटेवर ती फक्त चाकाकडे कान लावून बसली. दर खड्ड्याला खालून 'खट्' असा आवाज येत होता.

गॅरेजात तिने गाडी खालून तपासायच्या खड्ड्यावर घेतली. टायरमधली हवा बरोबर होती. बॉनेटचा कोपरा दाबून सोडला, तर गाडी एकदाच वर आली आणि स्थिर झाली. म्हणजे शॉकअप ठणठणीत. मग तिने उजवं चाक जॅकवर उचललं आणि वरखाली धरून हलवलं. खट्. सगळं चाकच मुळातून डुलत होतं.

भुवईला फडकं बांधून, दिवा घेऊन ती खड्ड्यात उतरली. चाकाला खालच्या दांड्याशी जोडणाऱ्या बॉल जॉइंटचा नट जेमतेम दोन आट्यांवर लोंबत होता. तो फिरू नये म्हणून त्यातून आरपार घातलेली लोखंडी पिन तिथे नव्हती. नटावर पकडीचे ताजे, चकचकीत ओरखडे होते. सवय नसलेल्या हाताने दहा वेळा घसरून दहा वेळा पुन्हा धरल्यासारखे.

पंधरा दिवसांपूर्वी धाकटी इथेच स्टुलावर बसली होती. गळ्यापर्यंत बटणं लावलेली. "ताई, चाक निखळतं कशानं गं?" असं तिने सहज विचारावं तसं विचारलं होतं. आणि थोरलीने हौसेने सगळं समजावून सांगितलं होतं.

"काय दिसतंय?" वरून आवाज आला.

"रबराचे बुश गेलेत. जुनी गाडी, चालायचंच. आठवडाभर ठेवून जा."

"बुश गेले तर चाक डुलत नाही. मलाही थोडं कळतं." तो पायऱ्या उतरून आलाच. तिच्या हातातला दिवा त्याने ओढून घेतला आणि वाकून पाहिलं. नटावरच्या ओरखड्यांवरून त्याने अंगठा फिरवला. मग सावकाश म्हणाला, "घरी गाडीच्या खोलीची किल्ली माझ्याकडे आणि तिच्याकडेच असते."

तो वळला. थोरलीने पायऱ्यांची वाट अडवली. "घरी जायचं नाही."

"सर बाजूला. आज तिला जिवंत ठेवत नाही."

"हात लावून तर बघ!"

त्याने तिचं डोकं खड्ड्याच्या भिंतीवर आदळलं. एकदा, दोनदा. ती त्याच्या मनगटाला कडकडून चावली. त्याने तिचा डावा हात पिरगाळून सिमेंटच्या कडेवर आपटला; हाड मोडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला. मग त्याची बोटं तिच्या गळ्याभोवती आवळली. डोळ्यांपुढे अंधार येत असताना तिच्या उजव्या हाताला मोठा पाना लागला. तिने तो सगळी ताकद लावून त्याच्या गुडघ्यावर घातला. तो कोसळला. ओरडत तिचे पाय ओढू लागला, तेव्हा तिने त्याच गुडघ्यावर पुन्हा घातला. आणि तो हलायचा थांबल्यावरही, खरं सांगायचं तर, आणखी एकदा.

ती रांगत वर आली. आधी पोलिसांना फोन केला, मग धाकटीला.

धाकटी पोलिसांच्या आधी पोचली. एक डोळा सुजून बंद, चालताना बरगडीवर हात. खड्ड्यात नवरा कण्हत शिव्या देत होता. तिने खाली वाकून पाहिलंही नाही.

थोरली एका हाताने डब्यात काहीतरी शोधत होती. "नवी पिन घालते, नट आवळते. पाच मिनिटांचं काम आहे. तू काही केलं नाहीस. ऐकतेयस ना?"

"नको, ताई."

"अगं येडे, आत जाशील!"

"नऊ वर्षं खोटंच बोलत आले. जिन्यावरून पडले, दार लागलं, न्हाणीत घसरले." तिचा आवाज कापत होता, पण ती थांबली नाही. "तो मरावा म्हणूनच मी नट सोडला. त्याच्या जागी आज तू मेली असतीस. आता काय झालं ते मीच सांगेन."

तिने सांगितलंही, शब्दन् शब्द. त्याला पाच वर्षांची सजा झाली. तिला दोन वर्षांची. पण डॉक्टरांनी जुन्या-नव्या जखमांची यादी वाचून दाखवली, तेव्हा न्यायाधीशांनी तिची सजा स्थगित ठेवली. थोरलीचा हात वाकडाच जुळला.

धाकटी गॅरेजवरच्या खोलीत राहायला आली. पहिले काही महिने ती दाराचा आवाज झाला तरी भिंतीला चिकटायची, आणि विचारल्याशिवाय पंखासुद्धा लावत नसे. मग एका सकाळी थोरलीने तिला न विचारता तिचा कप विसळून टाकला.

"अर्धा चहा होता त्यात!" धाकटी केवढ्यांदा तरी ओरडली. "विचारायची काही पद्धत?"

खाली थांबलेल्या गिऱ्हाइकाने दचकून वर पाहिलं. थोरलीने मुकाट्याने चहाचं आधण पुन्हा ठेवलं.