मऊ शिसं

"पोरी, शिसं शेडमध्ये राहत नाही. बुटांवरून, बाह्यांवरून घरात येतं. जूनीला जप," शेजारच्या बर्निसकाकू कुंपणावरून म्हणाल्या होत्या. मी हसले. "काकू, गॅरेट लेकीला शेडच्या दाराशीसुद्धा फिरकू देत नाही. माझ्या गळ्याची शपथ घेतलीय त्यानं."

गॅरेट, माझा नवरा, एल्क हरणाच्या शिकारीसाठी शेडमध्ये शिसं वितळवून बंदुकीच्या गोळ्या स्वतः ओततो. टोकाला खड्डा असलेल्या. त्या उन्हाळ्यात जेवताना दुसरा विषयच नसायचा.

"गाडीच्या चाकांना तोलासाठी लावतात त्या वजनांचं शिसं कडक गं. जनावराच्या आत जाऊन तुकडे होतात. गोळी कशी उमलायला हवी. वीस भाग मऊ शिसं, एक भाग कथील. बस्स."

"एवढं माप माझ्या वाढदिवसाच्या केकला लावलं असतंस तर!"

जूनी चमचा आपटून हसायची.

ऑगस्टमध्ये, तिच्या दोन वर्षांच्या तपासणीत, नर्सनं बोटातून रक्त घेतलं. शिसं निघालं. थोडंथोडकं नाही.

"जुन्या घराचा रंग. त्यात शिसं असायचं," गॅरेट लगेच म्हणाला. "खिडक्या बघ ना, पापुद्रे सुटलेत."

जूनीला घेऊन मी आईकडे गेले. तो तोंडाला फडकं बांधून चौकटी खरवडत राहिला. मला दया आली त्याची. सूप घेऊन घरी गेले एक दिवस. तो अंगणात हात धूत होता, म्हणून खरवडणी मीच शेडमध्ये ठेवायला गेले.

फळीवर शिशाच्या वड्या होत्या, खडूनं 'मऊ' लिहिलेल्या. एकीच्या कडेवर दातांचे ठसे. इवले. त्यातला एक तिरका. पायरीवर पडून जूनीच्या ज्या दाताचा टवका उडाला होता, तोच.

मी वडी त्याच्यासमोर धरली.

"अगं, तू कामावर असायचीस तेव्हा... खेळ होता आमचा. 'कडक की मऊ, चावून सांग बाबाला.' बरोब्बर ओळखायची पोरगी." मग खाली बघत, "एवढ्याशानं काय होतंय, असं वाटलं."

"आणि खिडक्या?"

तो ओले हात पुसत राहिला.

आता त्याची भट्टी त्याच्या भावाच्या, डेलच्या गॅरेजमध्ये आहे. डेलचं बाळ नुकतंच रांगायला लागलंय. मी जावेला फोन केला. ती हसली. "डेल दार बंद ठेवतो गं. शपथ घेतलीय त्यानं." त्यानंतर माझा फोन ती उचलत नाही.

सॅल्मन नदीच्या पुलापलीकडे, डेलचं निळ्या गॅरेजचं घर. त्या बाळाला आता दात येताहेत. तुमचं तिकडून जाणं झालं, तर ते दार खरंच बंद असतं का, एकदा बघून याल?