देवळातल्या खिळ्यावरची आई

मी एका आईचा चेहरा आहे. अथेन्समध्ये, नाटकांचा देव डायोनायसस याच्या देवळात, खिळ्याला टांगलेला मुखवटा.

मला थ्रासिप्पस नावाच्या कारागिराने घडवले. जवसाच्या धाग्याचे जुने कापड सरसात भिजवून त्याने थरावर थर चढवले आणि वर चुना दिला. हात चालू असताना त्याचे तोंडही चालू असे. पूर्वी म्हणे देवापुढे नुसता घोळका गात असे. एकदा त्यातला एक जण बाजूला होऊन घोळक्याला उत्तर देऊ लागला, आणि शोकनाट्य जन्मले. हे खरे की त्याचा ग्रह, मला पडताळता आलेले नाही.

मला न्यायला फायलिनोस हा नट आला. त्याचा मुलगा ल्यूकोन गेल्या उन्हाळ्यात आरमाराबरोबर बुडाला होता. प्रेत मिळाले नाही. नगराने बेपत्तांसाठी एक रिकामी तिरडी मिरवली, तेवढेच. पुरुषाने चारचौघांत ऊर बडवणे इथे शोभत नाही. पण रंगभूमीवर बायकांच्या भूमिकाही पुरुषच करतात, म्हणून मुलगा गमावलेल्या राणीची भूमिका त्याने मागून घेतली होती.

थ्रासिप्पस म्हणाला, "दाढी नीट दाब आत. दाढीवाली आई लोक खपवून घ्यायचे नाहीत."

"आई आहे ना? मग रडू तरी देतील," फायलिनोस म्हणाला.

उत्सवातल्या नाट्यस्पर्धेच्या सकाळी हजारो लोक टेकडीच्या उतारावर बसले होते. दूताने राजपुत्राच्या मृत्यूची वार्ता आणली. राणीने त्याच्या नावाने 'आयोलास' अशी हाक मारायची होती. माझ्या तोंडातून बाहेर पडले ते 'ल्यूकोन'.

नाटकात दुःख दाखवायचे ते जुन्या राजांचे, दूरच्या नगरांचे. स्वतःचे कधीच नाही.  तरीही वरच्या रांगेतून एका म्हाताऱ्याने दुसरेच नाव पुकारले. कोणी तिसरे. बाप आपापल्या बुडालेल्या मुलांना हाका मारू लागले, आणि अधिकाऱ्यांनी नाटक थांबवले.

नाटकाचा खर्च उचलणारा धनिक फायलिनोसला म्हणाला, "रडायला राजे दिले होते ना तुला? स्वतःचं घर कशाला आणलंस इथं?"

फायलिनोसला पुन्हा कोणी रंगभूमीवर उभे केले नाही. त्याने मला घरी मागितले. पण स्पर्धेनंतर मुखवटे देवाचे होतात, असे पुजाऱ्याने सुनावले.

त्यानंतर तो दुपारी येऊन माझ्याखाली उभा राही. मुलाचे नाव घ्यायलाच येत असावा, ओठ हलत. पण उघड्या चेहऱ्याने त्याला ते एकदाही उच्चारता आले नाही. काही वर्षांनी तो येईनासा झाला.

आता समुद्रापलीकडच्या नगरांतही आमची नाटके होतात, असे पुजारी सांगतात. माझ्याकडे कोणी मान वर करून पाहत नाही. चुना झडतो आहे.

मला टाकून द्यायची वेळ येईल तेव्हा एवढेच करा: मला उलटे धरा आणि आत पाहा. त्या सकाळी अश्रूंनी भिजून मऊ झालेले कापड हाक मारणाऱ्या फायलिनोसच्या गालांवर बसले आणि तसेच वाळले. बाहेरून मी आई आहे. आत एक बाप आहे, आणि तो अजून हाक मारतो आहे.