लुगड्यांच्या कुंपणातलं रडार

मी एक रडार बोलतोय. विमानतळावरचं मोठं नव्हे. नांदगाव खंडेश्वरजवळ हरभऱ्याच्या शेतात, लोखंडी पाइपावर, चिवड्याच्या प्लास्टिक डब्यात बसवलेलं. मी लहरी सोडतो आणि त्या आपटून परत आल्या की तपासतो. जे स्थिर असतं त्याच्याकडून लहर गेली तशीच येते. हलणाऱ्याकडून जराशी बदलून. त्या बदलावर माझा सगळा जीव. क्षणाचीही स्वस्थता नाही.

मला अश्विनने घडवलं, शेतात रानडुकरं शिरली की भोंगा वाजवायला. तो बंगळुरूला शिकला आणि तिथली नोकरी सोडून गावी आला. शिकलेलं आपल्या शेतात चाललं नाही तर शिकलो कशाला, असं तो सारखा म्हणे. त्याची आत्या दुर्गाबाई एकटीच हे शेत राखते. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन अकोल्याला ठरलं होतं आणि तिने दोनदा तारीख मोडली होती.

"मी दवाखान्यात झोपीन त डुकरं काय उपाशी राह्यतीन?" ती म्हणे.

पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. रानडुकरं बुजावीत म्हणून इथे शेताभोवती जुनी लुगडी बांधतात. वारा सुटला, लुगडी फडफडली आणि मी दिवसभर भोंगा वाजवत राहिलो.

"कावून रे अश्विन, तुया यंत्राले लुगड्याचं भेव वाटते काय?"

"आत्या, लुगडी काढून टाकू."

"ते वीस वर्षांपासून पहारा करून राहिली. तुयं यंत्र काल आलं. कोनाले काढाचं ते तूच सांग."

अश्विन चार दिवस लॅपटॉप मांडीवर घेऊन धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसला. त्याने मला शिकवलं: लुगडं हलतं, पण जागा सोडत नाही. पुढे येतं तितकंच मागे जातं. ते वजा कर. डुक्कर मात्र येतच राहतं, त्याच्यावर ओरड. अगदी सावकाश सरकणारंही सोडून दे, नाहीतर डुलणारी झाडं तुला छळतील.

पाचव्या दिवशी, दिवेलागणीच्या आधी, नाल्याकडून डुकरांचा कळप आला. वारा होता, लुगडी फडफडतच होती. मी बरोबर ओरडलो. कळप उलटा पळाला. हाकलायला घेतलेला पत्र्याचा पिपा दुर्गाबाईला वाजवावाच लागला नाही.

तरी तिचं समाधान होईना. "थांब, मीच येतो चालत. पायतो, हा बोलते का."

ती कुंपणापासून निघाली. एक पाऊल, थांबा, पुन्हा एक पाऊल. मला काहीच कळलं नाही. ती पाइपापर्यंत आली आणि डब्यावर टिचकी मारली, तेव्हा मी दचकलो.

अश्विनचा आवाज पडला. "आत्या, खोटं नाही सांगत. इतकं हळू येनारं याले समजत नाही. मले आठ दिवस दे."

"डुक्कर मायासारखं लंगडत आलं, त खाऊ दे बापा त्याले चार घाटे," ती हसली. मग म्हणाली, "यंत्राचं उणं तू सोताहून सांगतलं. आता जातो मी मंगळवारी दवाखान्यात."

मंगळवार उलटून गेला. ती याच धुऱ्यावरून गेली म्हणे. मला पत्ताही लागला नाही. तेव्हापासून जिवाला चैन नाही. अश्विनने धीमी चाल ओळखायला शिकवायला घेतलंय आणि मी गवताच्या पात्यालाही संशयाने न्याहाळतो.

तुमच्यापैकी कुणी अकोल्याला जाणार असेल, तर दुर्गाबाईला एवढा निरोप सांगा. हरभरा शाबूत आहे. घाई करू नको, पण बरी झालीस की या धुऱ्यावरून अशी झपझप चालत ये, की मला ओरडावंच लागेल.