येस म्हणजे ऐकतेय

“आधी तिला ‘मला कळलं नाही’ एवढं इंग्रजीत म्हणायला शिकव. बाकीचं मागाहून,” शेजारच्या शोभनाकाकू मला म्हणाल्या होत्या. काकूंनी स्वतः वयाची साठी ओलांडल्यावर अमेरिकन नागरिकत्वाची परीक्षा दिली होती. मी हसले.

“काकू, परीक्षेचे शंभरच्या शंभर प्रश्न तोंडपाठ आहेत तिचे. कळलं नाही म्हणायची वेळच येणार नाही.”

“बरं बाई. तू राज्यशास्त्रवाली,” काकू म्हणाल्या आणि माझ्या लेकीच्या, रुहीच्या हातात बेसनाचा लाडू देऊन गेल्या.

‘ती’ म्हणजे थूमावशी, अमेरिकेतल्या चँडलर गावातली आमची खालच्या मजल्यावरची शेजारीण. व्हिएतनामची, अठ्ठावन्न वर्षांची, एकटी. एका ड्रायक्लीनरकडे पँट आखूड करणं, चेन बदलणं अशी कामं करायची. व्हिएतनामीत थू म्हणजे शरद ऋतू. पण मराठी माणसाने कुणाला नुसतं थू म्हणून हाक कशी मारायची? मला लाज वाटली, म्हणून मी पुढे मावशी जोडलं. तिला मात्र माझा उच्चार फार आवडायचा. बाकी सगळे तिला ‘तू’ म्हणत, नाहीतर ‘सू’. “ओन्ली यू से थू,” ती म्हणायची. त्यांचा थ आणि आपला थ अगदी एक आहे.

रुही झाली तेव्हा माझ्या आईला व्हिसा मिळाला नाही. माझ्या नवऱ्याची, सिद्धेशची, चिप कंपनीत बारा-बारा तासांची शिफ्ट. मी बाळाच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजत बसायचे. तेव्हा ही बाई दारात पेजेचं भांडं घेऊन उभी राहिली, बाळ माझ्याकडून काढून घेतलं आणि म्हणाली, “यू स्लीप.” रुही तिला बा म्हणते. त्यांच्याकडे बा म्हणजे आजी.

तिला नागरिकत्व हवं होतं ते एकाच कारणासाठी. कॅन थो शहरात तिची शहाऐंशी वर्षांची आई होती. ग्रीन कार्डावर गेलं आणि येताना अडवलं तर, ही तिची भीती. ती खोटी आहे असं मी कुठल्या तोंडाने सांगणार होते? आम्हीच त्याच भीतीने तीन वर्षं भारतात गेलो नव्हतो. निळा अमेरिकन पासपोर्ट हातात आला की पहिलं तिकीट आईकडचं, असं तिचं ठरलं होतं.

दर रविवारी शिकवणी. खरं सांगायचं तर मला मजा येत होती. माझ्या बी.ए.च्या डिग्रीचा अमेरिकेत पहिल्यांदाच कुणाला तरी उपयोग होता. शंभर प्रश्न तर घेतलेच, पण मी तिथे थांबले नाही. डेमोक्रसी, मोनार्की, डिक्टेटरशिप. मराठीत कसं, लोकशाही, राजेशाही, हुकूमशाही, एका शेपटीला सगळे बांधलेले, तसं मी तिला इंग्रजी शब्दांच्या शेपट्या दाखवायचे. ती शिवणाच्या कागदाच्या पट्ट्यांवर शब्द लिहून पडद्याला टाचण्यांनी लावायची.

अडायचं ते शेवटच्या अक्षरापाशी. त्यांच्या भाषेत शब्दाच्या शेवटी स, स्ट असले आवाज येतच नाहीत, मग ती शेवटचं अक्षरच गिळायची. कम्युनिझम, कम्युनिस्ट, कम्युनिटी, तिन्ही तिच्या तोंडून “कम्युनि” असेच यायचे.

“मावशी, कडेला टीप मार. शब्द उसवतोय बघ.”

“येस, येस,” ती हसायची. “माय इंग्लिश, ओल्ड पँट.”

एकदा तिने दोन पट्ट्या शेजारी लावल्या. रिपब्लिक म्हणजे त्यांच्याकडे ‘काँग ह्वा’. कम्युनिस्ट म्हणजे ‘काँग सान’. सुरुवात एकच. तिचे वडील पहिल्यांच्या सैन्यात होते. युद्ध जिंकल्यावर दुसऱ्यांनी त्यांना सात वर्षं छावणीत ठेवलं. परत आले ते पाठीला बाक घेऊन, आणि दोन वर्षांत गेले. हे तिने सुईत दोरा ओवता ओवता सांगितलं. मग दुसरी पट्टी काढून उलटी लावली.

“अर्जात शेवटी काही प्रश्न असतात,” मी म्हणाले. “कधी अटक झाली का, कधी अमुक पार्टीत होता का. सगळ्याला नो म्हणायचं. समजलं?”

“येस.”

ती प्रत्येक गोष्टीला येस म्हणायची. मी रुहीच्या एका शिंकेने जागी होणारी बाई, आणि हे माझ्या लक्षात आलं नाही.

मुलाखतीच्या दिवशी मीच ड्राइव्ह केलं. मी आणि रुही गाडीत एसी लावून बसलो. पाऊण तासाने ती बाहेर आली, हातात एक कागद. निर्णय आज देता येत नाही, असं त्यावर छापलेलं होतं.

“शंभर प्रश्नांतलं काही चुकलं?”

“नो. ऑल करेक्ट.” सहा बरोबर आले की पास; तिचे पहिले सहाच्या सहा आले होते.

“मग?”

तिने सीटबेल्ट लावला, काढला, परत लावला. मग सांगितलं. ऑफिसर चांगला होता, हळू बोलत होता. अर्जातले प्रश्न वाचायला लागला. तुम्ही कधी कम्युनिस्ट पार्टीचे सभासद होता का? ही म्हणाली, येस.

“येस का म्हणालीस मावशी?”

“यू टॉक, आय से या.” तिने छातीवर हात ठेवला. “या. मीन्स, आय लिसन.”

व्हिएतनामीत मोठ्या माणसाने किंवा साहेबाने काही विचारलं की आधी अदबीने ‘या’ म्हणायचं. म्हणजे होकार नव्हे. म्हणजे ऐकतेय, बोला. आपण फोनवर हं, हं करतो ना, तसं. तिने त्या ‘या’चं आपल्या मनाशी इंग्रजी करून ठेवलं होतं: येस. मग नो म्हणायला तिने तोंड उघडलं, तोवर त्याने पुढचा प्रश्न विचारला होता. कुठे? तिला वाटलं, जन्म कुठला विचारतोय. कॅन थो. किती वर्षं? तिला वाटलं, तिथे किती वर्षं राहिलीस. फिफ्टी.

तेव्हा ऑफिसर लिहायचा थांबला आणि तिच्याकडे बघायला लागला. ती घाबरली आणि म्हणाली, नो. आय लव्ह कम्युनि. तिला म्हणायचं होतं कम्युनिटी.

सात वर्षं छावणीत काढलेल्या माणसाची मुलगी कागदोपत्री पन्नास वर्षांची कम्युनिस्ट झाली होती.

“‘आय डोन्ट अंडरस्टँड’ का नाही म्हणालीस?”

मागे रुही “बा, बा” करत होती.

“यू नॉट टीच,” ती म्हणाली. रागाने नाही. एखादा टाका राहून गेला हे दाखवावं तसं.

आम्ही वकील केला. सगळा खुलासा लिहून पाठवला. तिच्या वडिलांच्या सुटकेचा कागद आईच्या देव्हाऱ्यात होता, त्याचा फोटो मागवून जोडला. उत्तर आलं नाही. ऑक्टोबरमध्ये तिची आई अंथरुणाला खिळली. केस उघडी असताना देशाबाहेर जाऊ नका, वकील म्हणाला. थूमावशी गेली नाही. नोव्हेंबरमध्ये एका संध्याकाळी, तिथे सकाळ होती, तिने आईची अंत्ययात्रा माझ्या शेजारी बसून फोनवर पाहिली. भाच्याने तिकडून विचारलं असावं, दिसतंय का. ती म्हणत राहिली, या… या… या.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर पट्ट्या नव्हत्या. टाचण्या तेवढ्या डबीत नीट भरलेल्या.

जानेवारीत सिद्धेशला टेक्सासमध्ये नोकरी मिळाली आणि आम्ही फ्रिस्कोला आलो. निघताना तिने रुहीचे सगळे फ्रॉक दोन बोटं लांब करून दिले, वर्षभर पुरतील असे. मी फोन करायचे. बरी आहेस? येस. जेवतेस ना? येस. केसचं काही कळलं? येस, येस. गेले तीन आठवडे ती फोन उचलत नाही. ड्रायक्लीनरवाला म्हणतो, कामावर येत नाही. शोभनाकाकू मुलाकडे एडिसनला गेल्यात. मी रुहीला घेऊन निघायचं म्हणते, तर तिचा ताप हटत नाही.

म्हणून हे लिहितेय. तुमच्यापैकी कुणी चँडलरला राहत असाल, तर डॉब्सन रोडजवळच्या आमच्या जुन्या अपार्टमेंटमध्ये जाऊन या. तळमजला, दारात लिंबाची कुंडी. कुंडी सुकली असेल तर जास्त वेळ दार वाजवा. एखादी लांब झालेली पँट घेऊन जा, म्हणजे ती आत घेईल. ‘आर यू ओके’ विचारू नका, ती येस म्हणेल. काल काय जेवलीस, असं विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

आणि तिला नावाने हाक मारा. थू. लाजू नका. आपल्याला तो थ येतो.