चारशे मीटर

पाकिटाच्या प्लास्टिकच्या खिडकीतून नाव अर्धंच दिसत होतं — 'लायल मं' — कारण आतला कागद घडीवर सरकला होता, आणि गेले दहा-बारा आठवडे ते पाकीट पावरोटीच्या डब्याला टेकून असंच अर्ध्या नावाने उभं होतं. ग्लेंडाने ते उचललं, कागद बाहेर काढला, उलगडला. चार पानं. पहिल्या पानावर आभार होते, अर्ज केल्याबद्दल. दुसऱ्यावर कलमं. तिसऱ्या पानाच्या मधोमध ते वाक्य, जे आता तिला डोळे मिटूनही वाचता आलं असतं : अर्जदाराच्या स्वतःच्या सांगण्यानुसार तो न थांबता चारशे मीटर चालू शकतो. त्याच्या खाली, सबब अपंगत्वाचं पेन्शन नामंजूर. चारशे. एवढ्या एका आकड्यावर सगळं अडलं होतं. तो आकडा लायलने, तिच्या भावाने, आपल्या तोंडाने, हसून दिला होता, आणि शेजारच्या खुर्चीवर ती बसलेली होती.

"चहा घेणार का, हेडमास्तरीणबाई?"

लायल सिंकपाशी उभा होता. तो हल्ली उभाच असायचा, ओट्याला कोपर टेकून, सगळा भार उजव्या पायावर, जणू कोणाची वाट बघतोय आणि ते माणूस आलं की निघणार आहे. ती हेडमास्तरीण कधीच नव्हती. गावच्या शाळेत एकतीस वर्षं कचेरीत कारकुनी केली तिने. पण लायलच्या लेखी टाइप करता येणारी बाई म्हणजे हेडमास्तरीण.

"तू राहू दे, मी करते."

"किटली उचलता येते मला."

येते. अर्धी भरलेली, डाव्या हाताने ओटा धरून. हे लिहायला हवं, तिच्या मनात आलं, आणि तिने वहीत लिहिलं : किटली — अर्धी. लिहिताना तिने वही किंचित आपल्याकडे ओढली. म्हणजे त्याच्याच घरात, त्याच्याच टेबलावर बसून ती त्याच्यापासून लपवून त्याच्याबद्दल लिहीत होती... आणि तो कपात दूध ओतत होता, तिला हवं तेवढंच, न विचारता.

फेरविचाराचा अर्ज पाठवायची मुदत आज संपत होती. पोस्ट चारला बंद व्हायचं. आज गेलं नाही तर नवा अर्ज, नव्या तपासण्या, पुन्हा पहिल्यापासून. आणि तोवर बेकारभत्त्यासाठी लायलने काम शोधणारा माणूस म्हणून दर पंधरवड्याला साठ किलोमीटरवरच्या गावी, तिथल्या कचेरीत जाऊन सांगायचं की मी इतक्या ठिकाणी अर्ज केले. त्रेसष्ट वर्षांचा माणूस. मागच्या वेळी तो गाडीच्या मागच्या सीटवर आडवा पडून गेला, आणि तिथे पोचल्यावर एका पोरगेल्या कारकुनाने त्याला सुपरमार्केटमध्ये फळ्यांवर डबे लावायचं काम सुचवलं. म्हातारपणाचं पेन्शन सदुसष्टला. चार वर्षं. ही चार वर्षं तो काढणार नाही, असं ग्लेंडाला वाटायचं, आणि वाटलं की ती लगेच उठून काहीतरी पुसायला घ्यायची.

चारशे मीटर. पेन्शनच्या कचेरीतल्या त्या मुलीला काय माहीत? तिचा तरी काय दोष? शहरातून आलेली, नीटनेटकी, हसरी. तिने विचारलं, "लायल, तुम्ही किती अंतर चालू शकता?" आणि लायलला ऐकू आला तो वेगळाच प्रश्न, जो या भागात मेंढ्या कातरणाऱ्या माणसाला पबमध्ये पाय ठेवल्याबरोबर विचारतात : तुझा आकडा किती? त्या प्रश्नाला एकच उत्तर असतं. सरासरी नाही, कालचा नाही, पावसात भिजलेल्या मेंढ्या आल्या त्या दिवसाचा नाही. आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या दिवसाचा. लायल मंगन — दोनशे बेचाळीस. सत्याऐंशी साली, एका कोरड्या, निरभ्र दिवशी, दोन-दोन तासांच्या चार पाळ्यांत दोनशे बेचाळीस मेंढ्या. एरवी तो दीडशे-पावणेदोनशे करायचा. पण ते कोणी विचारत नाही आणि कोणी सांगत नाही. ही बढाईही नव्हे आणि थापही नव्हे. दोनशे बेचाळीस म्हणजे लायल, झालं. मग त्या मुलीने विचारल्यावर त्याने क्षणभर छताकडे पाहिलं, खरोखर आठवून पाहिलं, आणि प्रामाणिकपणे आपला सर्वांत चांगला दिवस तिच्यासमोर ठेवला. मार्चमध्ये एकदा तो फाटकापासून धान्याच्या टाक्यांपर्यंत गेला होता, त्यानेच ग्लेंडाला तसं सांगितलं होतं. चारशे. मुलीने लिहून घेतलं. "वजन किती उचलता?" — "मेंढी म्हणशील तर साठ किलोची उचललीये, पोरी." तेही लिहून घेतलं. "आणि वेदना?" — "त्या काय, चालायच्याच."

आणि मी? मी काय करत होते? मी मांडीवर पर्स धरून बसले होते आणि — खोटं कशाला बोलू — मला बरं वाटत होतं. तो ताठ बसला होता. दाढी केलेली, निळा शर्ट, मीच इस्त्री केलेला. कचेरीत वाट बघत बसलेल्या इतरांसारखा तो कण्हत नव्हता, कोणाची कीव मागत नव्हता. हा माझा भाऊ, असं मला त्या मुलीला दाखवावंसं वाटत होतं. एका वाक्याचं काम होतं : अहो, तो एकदाच चालला, रोज नाही. पण तोंडातून ब्र काढला नाही मी. उलट हसले.

तिने चहाचा घोट घेतला. गार होत आला होता.

खरं तर ही गप्प राहायची सवय फार जुनी होती. ती सतरा वर्षांची असताना मेंढ्या कातरायच्या शेडमध्ये लोकर गोळा करायच्या कामाला होती, एकच हंगाम. शेवटची पाळी संपली, यंत्रं थांबली की सगळे पुरुष कमरेवर हात ठेवून हळूहळू सरळ होत आणि हसत-खिदळत बाहेर पडत. लायल सगळ्यांत पुढे, ताठ. एका संध्याकाळी ती पाण्याची बाटली विसरली म्हणून परतली, तर तो गाडीच्या पलीकडे, कोणाला दिसणार नाही अशा बाजूला, जमिनीवर उताणा पडला होता, गुडघे पोटाशी घेऊन, तोंडात स्वतःची टोपी कोंबून. सत्तावीस वर्षांचा. तिने पाहिलं. तिने पाहिलं हे त्यानेही पाहिलं असावं... आणि ती पाय न वाजवता मागे फिरली. त्या दोघांमध्ये त्यावर एक शब्द झाला नाही, छत्तीस वर्षांत. तिला ते प्रेम वाटत आलं होतं. दुसऱ्याची लाज झाकणं, याच्याहून मोठं प्रेम काय असतं? आता त्याच प्रेमापायी तो सुपरमार्केटात डबे लावायच्या लायकीचा ठरला होता.

"झालं का महाभारत लिहून?" लायल म्हणाला.

"वाचून दाखवते. सही करायच्या आधी ऐकायला हवं तुला."

"तू लिहिलंयस ना. आण इकडे, करतो."

"नाही. ऐक."

तिने वाचायला सुरुवात केली. डॉक्टरांचं आधी, ते सोपं होतं, कारण ते कोणाचंही असू शकतं : कमरेचे तीन मणके झिजून एकमेकांवर बसलेत, डाव्या पायात जाणारी शीर दबलीये. मग तिचं स्वतःचं. मोजे बहीण घालते. बूट बहीण घालते. पंधरा मिनिटांच्या वर बसू शकत नाही. अंघोळीच्या वेळी — तिने आवाज सपाट केला, शाळेत सूचना वाचायची तसा — अंघोळीच्या वेळी बहिणीला बाथरूमच्या दाराबाहेर उभं राहावं लागतं, आणि गेल्या महिन्यात दोनदा आत जावं लागलं. संडासात वेळेवर पोचता येत नाही, आठवड्यातून एकदा तरी. महिन्यातून दहा दिवस घराबाहेर पडता येत नाही. लंगडत चालतो —

"लंगडत लिहू नकोस."

"का?"

"कुत्रं लंगडतं. डावा पाय ओढतो, असं लिही."

तिने खोडलं, लिहिलं. बाकीच्या कशावर तो काहीच बोलला नाही. तो भांडेल असं तिला वाटलं होतं. रात्री अंथरुणात तिने उत्तरंसुद्धा जुळवून ठेवली होती. पण तो नुसता ऐकत होता, खिडकीतून बाहेर बघत. मागच्या अंगणात वाळत घातलेला एक टॉवेल वाऱ्याने तारेवर गुंडाळला गेला होता. आपण याचे कपडे भर चौकात उतरवतोय, असं तिला वाटलं. आणि तरी वाचताना हेही वाटत होतं की पत्र चांगलं झालंय, मुद्देसूद झालंय. हे वाटणं तिला आवरेना.

"आता चारशे मीटरचं," ती म्हणाली. "मी असं लिहिलंय — हे अंतर तो एकदाच, मार्च महिन्यात चालला, आणि त्यानंतर दोन दिवस अंथरुणात होता. बरोबर ना?"

"परत यायचं नाही लिहिलंस."

"म्हणजे?"

"गेलो चारशे. ते खरंय." त्याने कप विसळला, पालथा घातला. "परत येताना पन्नास-साठ मीटरवर पाय गेला. बसलो रस्त्याकडेच्या गवतात. बसलो म्हणजे... पडलोच. उठता येईना. तीन तास असेन तिथे."

"तीन तास? लायल, रहदारीचा रस्ता आहे तो!"

"मग? गाड्या जात होत्या की." त्याला थोडं हसू आलं. "मी हात वर करायचो. तेही स्टिअरिंगवरचं बोट वर करायचे, आपण करतो तसं, आणि जायचे. चौघं-पाचजण गेले. कोणाला काय कळणार? म्हातारा बसलाय गवतात, हवा खातोय, हात करतोय."

"ओरडायचं ना!"

त्याने फडक्याने ओट्यावरचं पाणी पुसलं. तिचं तिलाच कळलं की हा प्रश्न तिने तरी विचारायला नको होता. मग कुंपणाचा खांब धरून धरून तो उठला होता, ऊन कलल्यावर. ती वही पुढे ओढून भराभर लिहीत होती — तीन तास, पाय निकामी, मदत मिळाली नाही — आणि तिच्या छातीत काहीतरी उसळून आलं होतं, तो आनंद होता. शुद्ध आनंद. हे चालेल. हे वाचल्यावर कोणाची ना म्हणायची छाती होणार नाही. मी जिंकले.

"चौघं की पाचजण?" तिने मान वर न करता विचारलं. "नक्की सांग. नक्की आकडा असला की बरं."

भिंतीवरच्या घड्याळात तीन वीस झाले होते.

"गाड्या गेल्या, एवढंच लिही, ग्लेन," तो म्हणाला. अगदी मऊ आवाजात; ती लहान असताना गुडघा फुटला की बोलायचा तसा. "कोणाकोणाच्या ते कशाला."

पेन थांबलं. मार्च. गुरुवार असणार, गुरुवारी ती त्याच रस्त्याने वाचनालयात जायची. गाडीच्या काचेवर ऊन होतं. आणि गवतात तो, निळ्या टोपीत — हो, होता. बाहेर पडलाय वाटतं आज, बरं झालं, असं वाटलं होतं तिला. वाचनालयात पोचेपर्यंत बरं वाटत होतं.

तिने वर पाहिलं नाही. तो तिथेच उभा होता, ओट्याला टेकून, तिच्यासाठी काहीतरी सोपं व्हावं म्हणून गप्प. ती त्याचा त्या दिवशीचा चेहरा आठवायला लागली. हाक मारायला तोंड उघडलं होतं का, डोळे कसे होते, ती पुढे निघून गेल्यावर तो आरशात लहान होत जाताना हात अजून वर होता का... काहीच येईना. चेहऱ्याच्या जागी नुसतं ऊन. आठवत होतं ते फक्त स्टिअरिंगवरून वर झालेलं स्वतःचं बोट, अगदी स्वच्छ, नखासकट.